आधी सातबारा बघा : कॅलिफोर्नियाच्या सरकारी रानात हिंडायचं कसं

आई पहिल्यांदा आमच्याबरोबर तंबूत राहायला आली तेव्हा पूर्व कॅलिफोर्नियातल्या बिशप गावाच्या वरच्या अंगाला, फॉरेस्ट सर्व्हिसच्या, म्हणजे अमेरिकेच्या वनखात्याच्या, एका कच्च्या रस्त्याच्या कडेला आम्ही मुक्काम टाकला होता. ना फाटक, ना पावती फाडणारा, ना शेजारी. आईने चटई अंथरली, चहा घेतला आणि मग तिला राहवेना. "अरे, जमीन कुणाची आहे ही? रात्री कोणी येऊन उठवणार तर नाही ना?" तिचं निम्मं आयुष्य साताऱ्यात बांधाची भांडणं ऐकण्यात गेलंय, त्यामुळे प्रश्न साहजिक होता. पण इथे इतकी वर्षं हिंडल्यावर मीही सांगतो, निघायच्या आधी विचारायचा पहिला प्रश्न तोच. तंबू कुठे ठोकायचा, चूल पेटवायची की नाही, कुत्रा न्यायचा की नाही, पैसे किती, परमिट कुणाकडून, हे सगळं जमीन कुणाची यावर ठरतं.

जमीन कुणाची

कॅलिफोर्नियातली जवळपास निम्मी जमीन अमेरिकेच्या केंद्र सरकारची आहे. शिवाय राज्याची वेगळी. आपल्याला चार मालक ओळखता आले की पुष्कळ झालं.

पहिला, नॅशनल पार्क. राज्यात असे नऊ आहेत : योसेमिटी, सिक्वोया, किंग्ज कॅन्यन, डेथ व्हॅली, जोशुआ ट्री, लासेन, रेडवुड, पिनॅकल्स आणि चॅनल आयलंड्स. इथे नियम सर्वांत कडक. तंबू ठरलेल्या जागीच, किंवा परमिट काढून आत रानात. कुत्र्याला बहुतेक पायवाटांवर मज्जाव. ड्रोन बंद.

दुसरा, नॅशनल फॉरेस्ट. राज्यात १८. नाव सारखंच वाटतं म्हणून लोक पार्क आणि फॉरेस्ट एकच समजतात, आणि गोंधळ इथेच होतो. फॉरेस्टमध्ये झाडतोड चालते, गुरं चरतात, शिकारही होते, आणि तुमचा कुत्राही बहुतेक वाटांवर दोरीला बांधून चालू शकतो. बऱ्याच ठिकाणी रस्त्याच्या कडेला फुकट राहता येतं.

तिसरा, बीएलएम, म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट. या खात्याकडे कॅलिफोर्नियात सुमारे दीड कोटी एकर आहेत, त्यातलं पुष्कळसं वाळवंट. पाट्या कमी, माणसं त्याहून कमी. सर्वांत मोकळं रान हेच, आणि आपल्या मराठी मंडळींना सर्वांत कमी ठाऊक असलेलंही हेच.

चौथा, राज्याची स्टेट पार्क्स. २८०च्या आसपास. समुद्रकिनारे, रेडवुडची झाडी, सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियातले डोंगर, शनिवारच्या सकाळी सहज जाण्यासारखी.

मालकी दाखवणाऱ्या नकाशांवर रंग ठरलेले असतात : बीएलएम पिवळं, फॉरेस्ट हिरवं, पार्क जांभळट, खासगी जमीन पांढरी. फोनमध्ये असा एक नकाशा उतरवून ठेवा. तोच आपला सातबारा. फॉरेस्टमध्ये गाडी कुठल्या रस्त्यावर नेता येते, याचा एक वेगळा नकाशा फॉरेस्ट सर्व्हिस फुकट देते, त्याचं नाव मोटर व्हेइकल यूज मॅप. काळापांढरा आणि दिसायला अगदी रूक्ष, पण रेंजरने अडवलं तर ग्राह्य धरला जातो तो हाच. गुगलने दाखवलेला रस्ता नाही.

कधी जायचं

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाचं इथे पंचांगच उलटं होतं. पाऊस पडला की पाय शिवशिवायला लागतात ही आपली सवय. इथे पाऊस हिवाळ्यात. डोंगर हिरवे होतात फेब्रुवारी ते एप्रिल, आणि जून उजाडेपर्यंत सगळं गवत वाळून पिवळं पडतं.

म्हणून वाळवंट नोव्हेंबर ते मार्च. डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीकला १० जुलै १९१३ रोजी ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलंय. उन्हाळ्यात तिथे सकाळी दहानंतर सखल भागात पायी फिरू नका असं पार्कवालेच सांगतात, आणि ते उगाच सांगत नाहीत. रानफुलांसाठी मार्च-एप्रिल. पाऊस चांगला झालेल्या वर्षी बीएलएमचं करिझो प्लेन बघा. फुलं तर आहेतच, शिवाय सॅन अँड्रियास ही भूकंपाची भेग तिथे उघड्या माळावर डोळ्यांनी दिसते. वॉलेस क्रीक नावाचा ओढा त्या भेगेवर येऊन काटकोनात वळलाय, कारण जमीनच बाजूला सरकलीय. सिएरा नेवाडा डोंगररांगेचा उंच भाग जुलै ते सप्टेंबर. जूनमध्ये बर्फ वितळून ओढे फुगलेले असतात. गुडघाभर दिसणारं पाणी माणसाला उचलून नेतं, तेव्हा तो ओढा 'आपल्या गावच्या नदीपेक्षा लहान' आहे म्हणून कुणी उतरू नये.

उन्हाळ्याच्या शेवटी वणव्यांचा हंगाम येतो. २०२० आणि २०२१ साली तर राज्यातली सगळी नॅशनल फॉरेस्ट काही काळ लोकांना पूर्ण बंद होती. ऑगस्टनंतरचं बुकिंग करताना पर्यायी दिशा आधीच ठरवून ठेवा, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी धुराचा नकाशा बघा.

पास आणि बुकिंग

वर्षात दोन-तीन पार्क होणार असतील तर 'अमेरिका द ब्यूटिफुल' हा वार्षिक पास घ्या. रहिवाशांसाठी ८० डॉलर. इथे एक बदल लक्षात ठेवा : २०२६पासून परदेशी पाहुण्यांसाठी हाच पास २५० डॉलरचा झालाय, आणि पास नसेल तर योसेमिटी, सिक्वोयासारख्या गर्दीच्या ११ पार्कांत परदेशी माणसाला माणशी १०० डॉलर जादा लागतात. भारतातून आई-वडील, सासू-सासरे येणार असतील तर हिशेब आधी मांडा. त्यांच्याकडे ग्रीन कार्ड असेल आणि वय ६२ किंवा जास्त असेल तर मात्र चांदी : ८० डॉलरमध्ये जन्मभराचा सीनियर पास. चौथीत शिकणारं मूल घरात असेल तर त्याच्या नावाने वर्षभराचा पास फुकट निघतो. स्टेट पार्कचा पास तर अनेक सार्वजनिक ग्रंथालयांतून पुस्तकासारखा घरी आणता येतो. माझ्या ओळखीच्या दहांपैकी नऊ घरांना हे माहीत नसतं.

केंद्र सरकारच्या जागांचं बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्हवर, स्टेट पार्कचं रिझर्व्ह कॅलिफोर्नियावर. स्टेट पार्कचं सहा महिने आधी सकाळी आठला उघडतं. योसेमिटी व्हॅलीतल्या तंबूच्या जागा पाच महिने आधी, महिन्याच्या १५ तारखेला सकाळी सातला उघडतात आणि चहा गाळून होईपर्यंत संपतात. नाही मिळालं तर हळहळू नका. रद्द झालेल्या जागा परत येत राहतात, रोज दोनदा बघितलं तर आठवड्यात एखादी हाती लागते. माउंट व्हिटनी (१४,५०५ फूट) चढायचं आणि योसेमिटीतल्या हाफ डोम या कातळावर तारा धरून चढायचं परमिट लॉटरीने मिळतं. व्हिटनीची लॉटरी फेब्रुवारीत, हाफ डोमची मार्चमध्ये.

फुकटची रात्र

माझा सगळ्यात आवडता भाग हाच. फॉरेस्ट आणि बीएलएमच्या बऱ्याच जमिनीवर कॅम्पग्राउंडबाहेर, बुकिंग न करता, एक पैसा न देता राहता येतं. याला डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात. साधारणपणे एका जागी १४ दिवसांची मर्यादा असते. तिथे नळ नाही, संडास नाही, कचऱ्याचा डबा नाही. राजमाचीला किंवा हरिश्चंद्रगडाला गेलं की पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी घरी पिठलं-भाकरी मिळते, ओसरीवर पथारी पसरता येते. इथे पायथ्याला गावच नसतं. जे गाडीत आहे तेवढंच आहे.

आधी त्या भागाच्या रेंजर स्टेशनला फोन करा. "अमुक रस्त्यावर डिस्पर्स्ड कॅम्पिंग चालतं का, रस्त्याची अवस्था काय, चुलीवर बंदी आहे का" हे तीन प्रश्न विचारा. ही माणसं मनापासून उत्तर देतात. अनेकदा "त्याच्यापेक्षा पुढच्या फाट्यावर जा" असा न मागितलेला सल्लाही मिळतो, आणि तो ऐकावा.

उजेड असताना पोचा. अंधारात सगळ्याच जागा सारख्या दिसतात. आधी कुणी राहून गेलेली, मातीची सपाट जागा शोधा : टायरच्या खुणा, काळवंडलेल्या दगडांचं कडं. नवी जागा झाडोरा तुडवून तयार करू नका. ओढ्यापासून, तळ्यापासून ७० पावलं तरी लांब. कोरड्या ओढ्याच्या पात्रात तर कधीच नाही, पाऊस दहा मैलांवर पडला तरी लोंढा तिथे येतो. वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका, गाडीखालचा तापलेला भाग गवत पेटवतो.

भाड्याची गाडी असेल तर करार वाचा, बहुतेक कंपन्या कच्च्या रस्त्याला नाही म्हणतात. आणि वाळू दिसली की उतरून आधी पायाने बघा. मी नाही बघितलं एकदा. चाक रुतलं, मी अॅक्सिलरेटर दाबत गेलो आणि ते आणखी खाली गेलं. शेवटी आईने मागून हाक मारली, "अरे थांब, पुरतोयस तिला!" आणि स्वतःची चटई आणून चाकाखाली सारली. टायरमधली थोडी हवा सोडली, चटईवरून गाडी निघाली. चटईच्या चिंध्या झाल्या. तेव्हापासून गाडीत फावडं, हवा भरायचा छोटा पंप आणि दोन जुन्या चटया कायम असतात.

फोनला रेंज नाही हेच गृहीत धरा. नकाशे आधी उतरवून ठेवा, आणि घरी कुणाला तरी कागदावर लिहून द्या : कुठे जातोय, कधी परतणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर ९११ या तातडीच्या मदतीच्या नंबरला कळवायचं. नव्या फोनांत उपग्रहावरून मदत मागायची सोय आहे. ती कशी चालते हे घरीच अंगणात उभं राहून बघून घ्या.

चूल

कॅम्पग्राउंडबाहेर शेकोटी तर सोडाच, गॅसची शेगडी पेटवायलाही कॅलिफोर्निया कॅम्पफायर परमिट लागतं. फुकट मिळतं, ऑनलाइन एक छोटा व्हिडिओ आणि चार प्रश्न, आणि ते त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत चालतं. उन्हाळ्यात बहुतेक ठिकाणी लाकडाच्या जाळावर बंदी येते. अशा वेळी सहसा खटक्याने बंद करता येणारी गॅसची शेगडी चालते, पण कोळशाची सिगडी चालत नाही. कणसं भाजायचा बेत घरीच उरकून घ्या.

बंदी नसेल तेव्हाही सरपण शंभर मैलांवरून गाडीत घालून नेऊ नका, लाकडातून कीड एका जंगलातून दुसऱ्यात जाते. जिथे जाळायचं तिथेच विकत घ्या, किंवा परवानगी असेल तर खाली पडलेलं वेचा. विझवताना पाणी ओता, फावड्याने राख ढवळा, परत पाणी ओता आणि हात लावून बघा. हाताला चटका बसत असेल तर ती विझलेली नाही.

डाळ शिजत नाही

आमच्या पहिल्या मोठ्या फजितीला कारण तुरीची डाळ. १०,००० फुटांवर पाणी साधारण ९० अंशांनाच उकळतं. भांडं रटरटत असतं, वाफ निघत असते, पण डाळ तासाभरानेही दाताखाली करकरते. अर्धा सिलिंडर गेला आणि आम्ही भाताबरोबर लोणचं खाल्लं. दोन उपाय आहेत. एक, दोन लिटरचा छोटा कुकर घेऊन जा आणि शिट्ट्या वाढवा. दोन, उंचावर डाळीच्या वाटेलाच जाऊ नका : दडपे पोहे, दशम्या आणि चटणी, घरून भाजून आणलेला सांजा, भडंग. कोरडं मेतकूट आणि तूप असलं की मऊ भात पंचपक्वान्न लागतो. आणि चिवड्याची पाकिटं वर फुगून टम्म होतात, घाबरू नका, हवेचा दाब कमी झालेला असतो.

ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी गाळून किंवा उकळून घ्या. साडेसहा हजार फुटांच्या वर तीन मिनिटं खळखळून उकळायचं. वाळवंटात माणशी दिवसाला चार लिटर ही किमान गरज, आणि गाडीत त्याच्या दुप्पट.

आता अस्वल. राज्याच्या झेंड्यावरचं ग्रिझली कॅलिफोर्नियातून कधीच नाहीसं झालं. इथे उरलंय ते ब्लॅक बेअर, आणि त्याला माणसात नाही, डब्यात रस असतो. सिएरातल्या कॅम्पग्राउंडवर लोखंडी पेट्या असतात, वास येणारं सगळं त्यात ठेवायचं. सगळं म्हणजे नुसतं जेवण नाही. टूथपेस्ट, साबण, खोबरेल तेल, लिमलेटच्या गोळ्या, मुलाच्या दप्तरात राहिलेला अर्धा लाडू, आणि हो, आईची अगरबत्तीसुद्धा. योसेमिटीत रात्री गाडीत खाणं ठेवायला मनाई आहे. अस्वल दाराची फट धरून दार असं वाकवतं की विम्यावाल्याला फोटो दाखवावा लागतो. पाठीवर ओझं घेऊन आत जाणार असाल तर बऱ्याच भागांत घट्ट बंद होणारा डबा, बेअर कॅनिस्टर, सक्तीचा. तो विकत घ्यायची गरज नाही, परमिट मिळतं तिथे अनेकदा भाड्याने मिळतो.

परसाकडे

याबद्दल कुणी बोलत नाही आणि पहिल्याच सकाळी सगळ्यांची पंचाईत होते. पाण्यापासून, वाटेपासून, तंबूपासून ७० पावलं लांब जा. सहा ते आठ इंच खोल खड्डा करा. काम झाल्यावर माती ओढून बुजवा. कागद पुरायचा नाही, पिशवीत घालून परत आणायचा. आपली तांब्याची पद्धत इथे सरस ठरते. कागदाचा प्रश्नच मिटतो. व्हिटनीच्या वाटेवर मात्र खड्डाही चालत नाही, खास पिशवीत भरून सगळं खाली आणावं लागतं.

वाटेवर तीन-तीन पानांचं झुडूप दिसलं की हात लावू नका, ते पॉयझन ओक. कातडीवर आठवडाभर खाज आणि फोड. बुटाला, कुत्र्याच्या केसांना लागून घरात येतं, म्हणून कपडे वेगळे धुवा.

बाणाची टोकं, जुनी खापरं उचलायची नाहीत. हा कायद्याने गुन्हा आहे. बिशपच्या उत्तरेला ज्वालामुखीच्या पठारावर पायूट या मूळ रहिवाशांच्या भूमीत कातळावर कोरलेली जुनी चित्रं आहेत. २०१२ साली चोरांनी त्यातली काही करवतीने कापून नेली. आपल्या रत्नागिरीच्या सड्यावरची कातळशिल्पं ज्यांनी पाहिलीत त्यांना हे ऐकून कसं वाटेल ते सांगायला नको. त्या जागांचे पत्ते फोटोखाली टाकू नका.

पहिली फेरी : हायवे ३९५, तीन दिवस

सगळ्या मालकांच्या जमिनी एका दोरीत ओवलेल्या बघायच्या तर हा रस्ता. सप्टेंबर सर्वांत बरा. महिनाअखेरीपासून बिशपच्या वरच्या खोऱ्यांत अॅस्पेनच्या झाडांची पानं सोनेरी व्हायला लागतात.

पहिला दिवस लोन पाइन. गावाच्या दक्षिणेला, हायवे १३६च्या फाट्यावर पाहुण्यांसाठी माहिती केंद्र आहे. परमिट, नकाशे, चुलीच्या बंदीची ताजी खबर, सगळं तिथे. संध्याकाळी अलाबामा हिल्स. मागे व्हिटनीचे सुळके, पुढे गोल गोल पिवळे धोंडे. १९३०च्या दशकात हॉलिवूडवाल्यांनी याच टेकड्या खैबर खिंड म्हणून दाखवल्या होत्या, आणि बघितल्यावर पटतं. ही जमीन बीएलएमची, पण गर्दी इतकी वाढली की आता ठरवून दिलेल्या जागीच आणि फुकट परमिट काढूनच राहता येतं. नसेल जमलं तर जवळच बीएलएमचं टटल क्रीक कॅम्पग्राउंड आहे. आधी येईल त्याला जागा. उंची पाच हजार फुटांच्या आसपास, पहिल्या रात्रीला नेमकी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंझनार. दुसऱ्या महायुद्धात १०,०००हून जास्त जपानी-अमेरिकन माणसांना इथे काटेरी तारांआड ठेवलं होतं. तिकीट नाही. तासभर ठेवा, दोन लागतील. मग बिग पाइन गावात पेट्रोल आणि पाणी भरा, कारण यापुढे दोन्ही नाही. वर व्हाइट माउंटन्समध्ये शुलमन ग्रोव्ह, इन्यो नॅशनल फॉरेस्ट. इथले ब्रिसलकोन पाइन जगातल्या सर्वांत जुन्या झाडांपैकी. 'मेथुसेला' ४,८०० वर्षांहून जुना, आणि तो नेमका कुठला हे खातं मुद्दाम सांगत नाही, म्हणजे कुणी साल सोलून नेणार नाही. कळसूबाईची उंची ५,४०० फूट. इथे गाडी लावायची जागाच सुमारे १०,००० फुटांवर आहे. चार पावलं चाललं की धाप लागते. एक मैलाची छोटी वाट घ्या, हळू चला, पाणी प्या. डोकं ठणकायला लागलं, मळमळलं तर गोळी घेऊन थांबू नका, खाली उतरा. रात्रीसाठी वाटेतलं ग्रँडव्ह्यू, ८,६०० फूट. पाणी नाही, बुकिंग नाही, दिवे तर नाहीतच. आदल्या रात्री पाच हजारावर झोपलेलं शरीर एव्हाना सरावतं. रात्री एकला उठून बाहेर या, टोपी आणि स्वेटर घालून. आई बाहेर आली, आकाशगंगेकडे बघत बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "लहानपणी खळ्यात झोपायचो तेव्हा असं दिसायचं."

तिसरा दिवस बिशपमार्गे मोनो लेक. पाणी समुद्रापेक्षा दुप्पट-तिप्पट खारट, काठावर चुनखडीचे सुळके. हे सुळके पाण्याखाली तयार झालेले. ते उघडे पडले कारण १९४१पासून लॉस एंजेलिसने या तळ्याचे ओढे वळवून नेले. १९९४मध्ये राज्याच्या पाणी मंडळाने त्यावर मर्यादा घातली.

तिथून बे एरियाला परतणारे टायोगा खिंड चढून योसेमिटीतून जातात. बर्फ पडला की हा रस्ता बंद होतो, साधारण नोव्हेंबर ते मेअखेर, कधी जूनही उजाडतो, तेव्हा निघण्याआधी खात्री करा. खिंडीच्या माथ्यावर पहिलं फाटक लागतं. तिथे आमची गाडी थांबली, खिडकीतल्या बाईंनी पास आणि ओळखपत्र मागितलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी काहीतरी मागत होतं. आई मागून म्हणाली, "हद्द लागली वाटतं."

पेट्रोल मात्र खाली मोनो लेकजवळच्या ली व्हायनिंग गावातच भरून घ्या. वर टायोगा रस्त्यावर पंपाचा भरवसा नाही.